विश्लेषण : बोर्डीच्या वाडीत ‘चॅम्पियन’ कुत्रा वाढवता येईल का?

थंडीची चाहूल लागली की देशभर श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. रिंगणात ऐटीत चालणारी, केस विंचरलेली कुत्री आणि मागे मांडलेले चषक यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि ‘चॅम्पियन लाइन’ पिल्लांच्या जाहिरातीही त्यांच्यासोबत येतात. बोर्डी, घोलवड, डहाणू परिसरात चिकूच्या वाड्या आहेत, घराला अंगण आहे, मोकळी जागा आहे. त्यामुळे असे पिल्लू आणावे, प्रदर्शनात उतरवावे, असा विचार इथल्या अनेकांच्या मनात येऊ शकतो. मात्र हा चषक नेमका कशाचा असतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

प्रदर्शनात नेमके काय तपासतात?

श्वानप्रदर्शन ही वरवर सौंदर्यस्पर्धा वाटते. प्रत्यक्षात परीक्षक शेजारी उभ्या असलेल्या दोन कुत्र्यांची तुलना करण्याआधी प्रत्येकाची तुलना त्या जातीच्या लेखी मानकाशी करतो. डोक्याची ठेवण, दातांची जुळणी, पाठीची रेषा, पायांचे कोन, केसांचा पोत, स्वभाव आणि चाल हे सारे त्यात येते. अनोळखी परीक्षकाने तोंड उघडले, अंगावर हात फिरवला तरी कुत्र्याने शांत उभे राहायचे असते. आधी जातीतील सर्वोत्तम, मग गटातील सर्वोत्तम आणि शेवटी ‘बेस्ट इन शो’ अशी ही चढण असते. वेगवेगळ्या परीक्षकांकडून ठरावीक प्रमाणपत्रे मिळाली की ‘चॅम्पियन’ किताब मिळतो.

यामागचा मूळ हेतू पैदाशीसाठी योग्य नर-मादी निवडण्याचा आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकांत नराची दोन्ही वृषणे नीट उतरलेली असणे अपेक्षित असते. ‘चॅम्पियन’ ही पदवी म्हणजे एका अर्थाने ‘याची पिल्ले घ्या’ अशी शिफारस असते.

भारतात ही व्यवस्था कोण चालवते?

सर्वात जुनी संस्था केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय. तिची मुळे 1896 पर्यंत जातात आणि मुख्यालय चेन्नईत आहे. बेल्जियममधील ‘एफसीआय’ या 1911 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघाने जातींचे 10 गट केले आहेत. देशात इंडियन नॅशनल केनेल क्लबही स्वतंत्र नोंदणी करतो. पिल्लाची वंशावळ नोंदलेली असणे, मायक्रोचिपचा क्रमांक कागदाशी जुळणे आणि मालकी आपल्या नावावर होणे, ही प्रदर्शनाची पहिली पायरी. मात्र वंशावळीचा कागद फक्त आई-बाप कोण ते सांगतो. पिल्लू निरोगी असल्याची हमी त्यात नसते.

पैसा कुठून येतो?

बहुतेक प्रदर्शनांत बक्षीस म्हणून चषक आणि फीत मिळते, मोठी रोख रक्कम नाही. खर्च मात्र सतत सुरू असतो. प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम, खुराक, केसांची निगा, डॉक्टर आणि रिंगणात कुत्रा फिरवणाऱ्या हँडलरचे मानधन. बोर्डीहून मुंबई सुमारे दीडशे किलोमीटर आहे, आणि पुणे, बेंगळूरु किंवा चेन्नई त्याहून कितीतरी लांब. रेल्वेने न्यायचे तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो किंवा ब्रेक व्हॅनमध्ये नोंदणी करावी लागते. अनोळखी गार्डच्या डब्यात रात्र काढलेला कुत्रा सकाळी रिंगणात खुलेलच असे नाही.

मग हा खर्च भरून निघतो तो पिल्ले विकून आणि नराच्या जोडणीच्या शुल्कातून. इथेच खरी अडचण सुरू होते. एकाच नामांकित नराकडून पुन्हापुन्हा पैदास झाली की त्याचे गुण पसरतात, तसे दडलेले आनुवंशिक दोषही पसरतात. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार, पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत श्वासाचा त्रास ही त्याची ठळक उदाहरणे. ब्रिटनमध्ये 2008 साली बीबीसीच्या एका माहितीपटाने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. त्यानंतर बीबीसीने ‘क्रफ्ट्स’ या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले आणि तिथल्या केनेल क्लबला अनेक जातींची मानके बदलावी लागली.

बोर्डीच्या हवेत कोणती काळजी?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची ओल वाळवून शरीर थंड करतो. समुद्रकाठच्या दमट हवेत ही ओल लवकर वाळत नाही. त्यामुळे तापमान फार चढलेले नसतानाही दाट केसांच्या किंवा चपट्या तोंडाच्या कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. हस्की किंवा सेंट बर्नार्ड इथे आणणे म्हणजे त्याला जन्मभर एसीच्या खोलीत ठेवण्यासारखे आहे.

वाडीचेही स्वतःचे धोके आहेत. गवत-पाल्यातील गोचिडांमुळे होणारा ताप वेळीच ओळखला नाही तर जिवावर बेततो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. चिकूच्या बियांतील अळीसाठी फवारणी सुरू असेल त्या दिवशी कुत्रा बांधून ठेवावा, उंदराचे औषध त्याच्या तोंडी लागेल असे ठेवू नये. मोठ्या जातीच्या पिल्लाला ‘लवकर भरावा’ म्हणून अति खाऊ घालणे सांध्यांना घातक ठरते.

कायदा काय सांगतो?

2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मादी किमान 18 महिन्यांची हवी आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिची वीत घेता येत नाही.

12 मार्च 2024 रोजी केंद्राने पिटबुल, रॉटविलरसह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याचे पत्र राज्यांना पाठवले. संबंधितांचे म्हणणे ऐकले गेले नाही, हा आक्षेप ग्राह्य धरून कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल 2024 मध्ये ते रद्द केले. मात्र कुत्र्याने कुणाला इजा केली तर जबाबदारी मालकाचीच, त्यात बदल झालेला नाही.

देशी पर्याय आहे का?

आहे, आणि तो मराठी मुलखातलाच आहे. लातूर, सोलापूर, सांगली पट्ट्यातील कारवानी कुत्रा उंच, सडपातळ आणि आखूड केसांचा असल्याने उष्णतेला सरावलेला आहे. केसीआय त्याची नोंद ‘कॅरावान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. एकाच कुत्र्याची दोन नावे असल्याने खरेदीदार गोंधळतात. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडवर तिकीट काढले आणि ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा उल्लेख केल्यावर मागणी वाढली. मागणीबरोबर घाईची पैदासही येते, हा धोका इथेही आहेच. शिवाय हा मूळचा शिकारी कुत्रा. रोज मोकळे धावायला मिळाले नाही आणि लहानपणापासून सवय लावली नाही, तर शेजारच्या पाड्यातील कोंबड्या-शेळ्यांमागे तो लागणारच.

पिल्लू घेण्यापूर्वी काय पाहावे?

पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैदास करणाऱ्याची नोंदणी, आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे, लसीकरणाच्या नोंदी आणि मायक्रोचिप तपासावी. ‘कागद नंतर पाठवतो’ यावर विसंबू नये. प्रदर्शनासाठी घेतलेल्या अनेक पिल्लांपैकी मोजकीच किताबापर्यंत पोहोचतात. उरलेली दहा-बारा वर्षे घरातच जगणार असतात. चषक मिळाला नाही तरी हा कुत्रा आपल्या अंगणात हवा आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तरच बोर्डीच्या वाडीत त्याला आणण्यात अर्थ आहे.