फुकटची एस्टीम

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पांढरी एस्टीम चौदा महिने एकाच जागी उभी आहे. २००४ सालची, बाबांची. आत एकही सीट नाही, छताचं कापड नाही, कार्पेट नाही. डॅशबोर्ड माझ्या खोलीत पलंगाखाली आहे. वॉचमन काकांनी परवा विचारलं, "साहेब, गाडी भंगारात द्यायची का? ओळखीचा आहे एक." मी म्हटलं, नाही हो काका, रॅलीची गाडी बनतेय. ते काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळलं.

तर मंडळी, या विकेंडचा विषय: पहिली रॅली कार बनवावी की विकत घ्यावी?

माझं बजेट होतं पाच लाख. तीन वर्षांचे बोनस, मोबाईल न बदलता. आणि घरात एस्टीम होतीच. नऊशे किलोच्या आतली हलकी गाडी, १.३ लिटरचं दणकट इंजिन, आणि भारतातल्या रॅलींमध्ये कितीतरी वर्षं हीच गाडी धुमाकूळ घालत होती. बाबांनी चावी देताना एवढंच म्हटलं, "वापरात तर राहील." मी एक्सेल शीट उघडली, पहिल्या ओळीत लिहिलं 'गाडी : ०', आणि फसलो.

कारण रॅली कारच्या हिशोबात मूळ गाडी ही फार लहान ओळ असते. खरी यादी तिच्या खाली सुरू होते. रोल केज, दोन बकेट सीट्स, दोन हार्नेस, आग विझवायची सोय, बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच, सम्प गार्ड, कच्च्या रस्त्याचे डँपर्स, टायर. मग दोघांची हेल्मेट्स, मानेचा आधार, आगीत न पेटणारे कपडे. दोघांची म्हणजे तुमची आणि को-ड्रायव्हरची. तो बिचारा मित्र असतो, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत. आणि इतकं झाल्यावर एन्ट्री फी, लायसन्स, गाडी वाहून न्यायला ट्रक, पेट्रोल आणि मोडतोड. तुमचा नेहमीचा इन्शुरन्स इथे उपयोगाचा नाही. पॉलिसी वाचा, शर्यत आणि स्पीड टेस्टिंग त्यात स्पष्ट वगळलेलं असतं.

शून्य रुपयांची गाडी चार लाखांचं सामान मागते, आणि पावणेदोन लाखांची मागते तेव्हाही तेवढंच. म्हणजे मी फुकट गाडी घेऊन जे वाचवलं, ते एकूण खर्चाच्या मानाने चिल्लर होतं.

पण पैशापेक्षा मोठा घोटाळा वेळेचा. आम्ही आयटीवाले एस्टिमेट चुकवण्यात तरबेज, तरी मीच स्वतःला सांगितलं होतं, सहा महिने. सीट्स काढायला एक रविवार लागला. साऊंड डेडनिंगचं डांबर खरवडायला पाच रविवार लागले. मग भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे केजचा नंबर लावला. त्याचं "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य मी बत्तीस वेळा ऐकलं (मोजलंय, कॅलेंडरमध्ये नोंद आहे). तो बदमाश नव्हता, त्याला कंपन्यांची मोठी कामं होती आणि मी एका गाडीचं गिऱ्हाईक. तोवर मी किती रॅली पळवल्या? शून्य. ऑटोक्रॉस? शून्य. मी पान्यात प्रवीण झालो, पण लूज सरफेसवर गाडी तिरकी गेली की काय करायचं हे मला आजही माहीत नाही.

आता दुसरी बाजू. ऑफिसातल्या एका मित्राने (डीबीए आहे, त्याला इथे डीबीएच म्हणू) त्याच सुमाराला आधी रॅलीत पळलेली बलेनो घेतली. मारुतीची जुनी १.६ सेडान, आत्ताची हॅचबॅक नव्हे. सव्वातीन लाखांत केज, सीट्स, डँपर्स, एक जास्तीचा गिअरबॉक्स आणि सहा जादा चाकं. विकणाऱ्याला मूल झालं होतं आणि बायकोने मुदत दिली होती. त्याने त्या गाडीत याच्या दुपटीहून जास्त ओतले असणार. रॅली कारच्या बाबतीत हे कटू सत्य आहे: बनवणाऱ्याची मेहनत विकताना कोणी मोजत नाही. म्हणजे घेणाऱ्याला ती जवळपास फुकट मिळते. माझी एस्टीम फुकट नव्हतीच, फुकट होती ती बलेनोतली दुसऱ्याची रात्रपाळी.

डीबीएने वर्षभरात तीन ऑटोक्रॉस केल्या, एका रॅलीत ड्राइव्हशाफ्ट तोडला आणि दुसरी पूर्ण केली. शेवटून चौथा आला. सोमवारी ऑफिसात त्याचा चेहरा बघायला हवा होता!

पण (इथे माझे चौदा महिने थोडे वसूल झाले) ती गाडी घेतल्यावर त्याने मला बघायला बोलावलं. केजच्या वरच्या नळ्यांवर गुबगुबीत पॅडिंग होतं. मी ते काढलं. छताला चिकटून जाणाऱ्या दोन जोडांवर वेल्डिंग फक्त खालच्या बाजूने, अर्धं. वरची बाजू कोरडी, नुसता रंग. हे असं होतं कारण छत आणि नळी यांच्यात टॉर्च शिरत नाही. नीट काम करणारे केज तात्पुरता खाली उतरवून किंवा छत कापून पूर्ण गोल वेल्ड मारतात. घाईतले पॅडिंग चढवतात. गाडी उलटली तर जोड तिथेच सुटणार, आणि त्याच्या खाली दोन माणसं बसलेली असतात.

मला हे कळलं कारण फॅब्रिकेटरची वाट बघता बघता मी नियमांची पुस्तकं पाठ केली होती. एफआयएच्या नियमात मुख्य कमान किमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि २ जाडीची हवी, कोल्ड ड्रॉन सीमलेस नळीची. केजचा पाय जिथे पत्र्यावर टेकतो तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. डीबीएला नव्याने वेल्डिंग करून घ्यायला चाळीस हजार आणि दोन महिने लागले. तरीही तो माझ्यापेक्षा पुढेच.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. बजेट कमी असेल तर गाडी विकत घ्या, आणि घेताना इंजिनवर भाळू नका. इंजिन दमलं असलं तर बदलता येतं. आधी पॅडिंग सोडवून केज बघा, मग स्ट्रट टॉवरजवळच्या भेगा, मग हार्नेस आणि सीटवरच्या तारखा. त्यांची मुदत संपते. मग आरसी कोणाच्या नावावर आहे ते. एका स्पेशल स्टेजकडून दुसरीकडे जाताना गाडी साध्या, वाहत्या रस्त्यावरून जाते, त्यामुळे कागद नसलेली गाडी स्वस्त असली तरी फुकट गेली समजा. विकणारा पॅडिंग काढू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्यांना बनवण्यातच मजा येते त्यांनी जरूर बनवावी, पण मग "मला रॅली करायचीय" असं म्हणू नये. मी तेच म्हणत होतो, म्हणून चुकलो. आणि केज घरी वेल्ड करायच्या गप्पा मारणाऱ्यांना हात जोडून विनंती, एक अर्धा जोड मी जवळून बघितलाय. नको.

आणि ज्याला अजून काहीच माहीत नाही, त्याने दोन्हीपैकी काहीही करायच्या आधी स्वतःच्या रोजच्या गाडीतून एखादी टीएसडी करावी. टाईम, स्पीड, डिस्टन्स. वेग नाही, वेळ सांभाळायची. साधी गाडी चालते, आणि को-ड्रायव्हरशी आपलं कितपत जमतं ते पहिल्या चुकलेल्या वळणावर कळतं. मी पुढच्या महिन्यात माझ्या हॅचबॅकमधून करतोय. डीबीए नकाशा धरणार आहे.

पाच लाखांतले दोन लाख नव्वद हजार उरलेत. फॅब्रिकेटरकडून ॲडव्हान्स परत मिळाला, कापून. एस्टीम आता परत जोडायची ठरवलंय, म्हणजे पुन्हा बाबांची गाडी. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "गणपतीला कोकणात नेता येईल का?" आरसी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू केलेली आहे, इंजिनला काही झालेलं नाही. फक्त मागच्या सीटचा फोम उंदरांनी पोखरलाय, आणि पुढची डावी सीट बाल्कनीत आहे, तिच्यावर आई पापड वाळत घालते. ती मागायला आज संध्याकाळी जातोय.