क्लच सोडा, काकू!

गिरगावात वाढलेल्या बाईला दुचाकी शिकायचं काही कारणच नसतं. ठाकूरद्वार नाक्यावर उभं राहिलं, की संसाराला लागणारं सगळं जग चालत जाण्याच्या टप्प्यात असतं. एका बाजूला चर्नी रोड, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स. भाजी, किराणा, देऊळ, डॉक्टर, शिंपी, शाळा, चौपाटी आणि जुन्या पिढीच्या मते लग्नाची स्थळंसुद्धा! पुण्यातल्या माझ्या मावसबहिणी कॉलेजात लुनावरून जायच्या. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली लुना आणली आणि पुण्यातल्या कितीतरी बायका तिच्यावर बसून स्वतंत्र झाल्या. आम्ही मुंबईकरणी लोकलच्या लेडीज डब्यात स्वतंत्र झालो. दोन्ही स्वातंत्र्यं खरीच, फक्त आमच्यातला ब्रेक मोटरमनच्या हातात होता.

त्यामुळे पन्नाशीला टेकलेली मी गियरची मोटारसायकल शिकतेय हे वाडीत कळलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो रास्तच होता. "अगं, मेट्रो दारात आली आणि तुला आत्ता बाइक सुचतेय?" मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. इतकी वर्षं पत्र्यांच्या आडोशाने चालत काढली आणि आता कुठे जिना उतरून गारेगार गाडीत बसायची सोय झाली, तर ही बाई हेल्मेट घेऊन निघाली! गरज म्हणून शिकत असते तर सगळ्यांनी समजून घेतलं असतं. 'हौस' म्हटल्यावर भुवया वर गेल्या. पन्नाशीतल्या पुरुषाने बुलेट घेतली, तर राहून गेलेली हौस भागवतोय म्हणून त्याचं कौतुक होतं. बाईने शिकायचं म्हटलं, तर घरी सगळं बरं आहे ना, अशी चौकशी होते.

घाई मला एकाच गोष्टीची होती. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीच्या मधे लायसन्स काढलं, तर ते दहा वर्षांचं मिळतं. पन्नाशी ओलांडली, की साठीपर्यंतचंच. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचं. वयाची इतकी चोख नोंद तर आमच्याकडची लग्न जुळवणारी मंडळीही ठेवत नाहीत. चाळीस झाल्यावर डॉक्टरांचा दाखलाही लागतो, फॉर्म १-अ. आमच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, रंग ओळखायला लावले, सही करता करता विचारलं, "मुलासाठी का?" मुलाला कशाला चाळिशीचा दाखला लागेल, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

लर्निंग लायसन्स आता घरबसल्या निघतं. आधार क्रमांक टाकायचा, ऑनलाइन परीक्षा द्यायची, की झालं. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा आणि रस्त्यावर उतरायचं. पण उतरायचं कसं, हे कुणी सांगत नाही. मोटार शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. स्कूटर शिकवणाऱ्या बायकाही आता काही ठिकाणी आहेत. गियरची मोटारसायकल शिकवणारं कुणी मला आमच्या भागात सापडलं नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून नियम आहे, की आधी रीतसर प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचं आणि मगच 'एल' लावून रस्त्यावर यायचं. आपल्याकडे ही विद्या कट्ट्यावर मिळते. मुलगे पंधरा-सोळाव्या वर्षी, म्हणजे बेकायदाच, मित्राची गाडी घेऊन शिकतात. गाडी पडते, गुडघा फुटतो, घरी 'क्रिकेट खेळताना' असं सांगितलं जातं. जी कधी कट्ट्यावर बसलीच नाही, तिने कुणाला विचारायचं?

मला ही अडचण वयाची वाटत होती. ती वयाची नव्हतीच, हे वाडीतल्या काकांनी मला न सांगता शिकवलं.

बाई मोटारसायकल शिकतेय म्हटल्यावर साठी-सत्तरीतले सगळे पुरुष एकदम तरुण झाले. गॅलरीच्या कठड्याला टेकून त्यांनी आपापल्या गाड्या बाहेर काढल्या, अर्थात तोंडी. येझदीवाले काका म्हणाले, "आमच्या गाडीला किक आणि गियर एकाच दांडीला होते. किक मारायची आणि तीच दांडी पुढे फिरवली की गियर. आहे का आता असं डोकं कुणाचं?" ही गाडी म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात व्हायची. १९९६ साली तो बंद पडला, त्याचा शोक काकांच्या घरात अजून संपलेला नाही. तळमजल्यावरचे आजोबा बुलेटवाले. त्यांच्या मते किक मारणं ही पूजाच. डिकॉम्प्रेसर दाबायचा, मीटरचा काटा बरोबर मधे आणायचा, मग सावकाश पण पूर्ण किक. चुकलं तर किक उलटी बसते आणि पोटरी आठवडाभर सुजते. शिवाय जुन्या बुलेटला गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजोबा मला तेच पढवत राहिले. माझ्या गाडीला सेल्फ स्टार्ट आहे आणि गियर डाव्या पायाला आहे, हे मी त्यांना बऱ्याचदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. राजदूतवाल्यांना मात्र कुणी बोलू देत नव्हतं.

मजा वाटली आणि मग जरा रागही आला. क्लच, गियर, प्लग साफ करणं, पावसात ब्रेक कसा धरायचा, हे सगळं ज्ञान आमच्या वाडीत पन्नास वर्षं होतं. जिन्याखालच्या मोरीशेजारी ते उभं असायचं, रविवारी पुसलं जायचं. त्यातल्या एकाही गाडीची चावी घरातल्या बाईच्या हातात आली नव्हती. येझदीवाल्या काकूंना मी विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही चालवावी?" त्या भाजी निवडत म्हणाल्या, "मी मागे बसायचे, एका अंगाला. पदर सांभाळायचा, मूल सांभाळायचं, पिशवी सांभाळायची. गाडी तेवढी हे सांभाळायचे."

कायद्यानेही बाईची कल्पना मागच्या सीटवरच केलेली दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो, ते हेच. नियम चांगलाच आहे, त्याने किती जीव वाचले असतील. पण सहावारीने एका अंगाला बसवलेल्या बाईसाठी जाळी करण्यात आली, तिला पुढे बसवायचं कुणाच्या मनात आलं नाही. आमच्या पणज्यांच्या नऊवारीत हा प्रश्नच नव्हता. कासोटा घातलेली बाई घोड्यावरही बसू शकते आणि बुलेटवरही.

मला शिकवलं ते वरच्या मजल्यावरच्या सुनेने. ती कराडकडची. माहेरी शेतावर जायला बापाची मोटारसायकल घ्यायची, त्यामुळे तिच्या लेखी यात धाडस वगैरे काही नव्हतंच. तिने आधी माझ्या डोक्यातली बुलेट काढून टाकली. "काकू, फोटोला बुलेट. शिकायला शंभर सीसी." बुलेट दोनशे किलोच्या जवळ जाते आणि साधी स्प्लेंडर सव्वाशेच्या आत असते. दोन्ही पाय पुरते टेकतात ती गाडी आपली, हा तिचा हिशोब. मी जुनी शंभर सीसीची घेतली.

वाडीत सराव शक्यच नव्हता. जागा नाही आणि प्रेक्षक फार. एकदा सुरुवात केली, तर तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून "क्लच सोडा, काकू!" आणि "क्लच सोडू नका, काकू!" असे दोन पक्ष पडले. मग रविवारी पहाटे बॅलार्ड इस्टेट. इतर दिवशी पाय ठेवायला जागा नसलेला हा कचेऱ्यांचा भाग रविवारी ओस असतो. गेटवे ऑफ इंडिया ज्याने बांधलं, त्याच जॉर्ज विटेटने या सरळ, रुंद, सावलीच्या रस्त्यांच्या इमारती आखल्या. तिथे जायचं ती पुढे, मी मागे. पोचल्यावर जागा बदलायची.

पन्नाशीतलं शिकणं वेगळं असतं ते एका बाबतीत. मला आधी कारण लागतं. हाफ क्लचवर गाडी का पुढे सरते, पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा जास्त का धरतो, हे कळल्याशिवाय माझे हात चालत नाहीत. (ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून. काकांपैकी प्रत्येकाने मला पुढचा ब्रेक कधीच वापरू नकोस असं बजावलं होतं.) सर्वांत छळलं ते तोल कसा राहतो, या प्रश्नाने. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून, असं शाळेत शिकले होते. वाचायला गेले, तर २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी एक अशी सायकल दाखवली होती, की जिच्यात तो भोवऱ्याचा परिणाम काढून टाकला होता, तरी ती ढकलल्यावर आपली आपण तोल सांभाळत जात होती. म्हणजे शाळेतलं उत्तर पुरतं नव्हतंच. हे मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता खाली चाकाकडे बघू नका, लांब त्या झाडाकडे बघा." झाडाकडे बघितलं आणि गाडी सरळ गेली.

वेगात गाडी स्वतःच बरीचशी सांभाळून घेते. कस लागतो तो हळू चालवताना. म्हणूनच परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात, पाय न टेकता. मुंबईच्या रस्त्यांसाठी याहून योग्य परीक्षा नाही, कारण ठाकूरद्वार नाक्यावर संध्याकाळी हातगाडी, टॅक्सी, विनय हेल्थ होमकडे वळलेले मिसळभक्त आणि चुकीच्या बाजूने आलेला डिलिव्हरीवाला यांच्यामधून जाताना माणूस आठच काढत असतो. मला आठ जमला, लायसन्स मिळालं, दहा वर्षांचं. वेगाने जायचा रस्ता तसाही आम्हाला बंदच आहे. कोस्टल रोड आमच्या घराजवळ, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलापाशी सुरू होतो आणि त्यावर दुचाकीला मनाई. सी लिंक, अटल सेतू, जेजेचा पूल, सगळीकडे तीच पाटी. सुरक्षिततेचं कारण मला पटतं. पण जनतेच्या पैशाने झालेले रस्ते चारचाकीवाल्यांसाठी राखून ठेवायचे आणि दुचाकीवाल्यांना खालच्या खड्ड्यांत सुरक्षित समजायचं, हे काही पटत नाही.

आता गुढीपाडव्याबद्दल, कारण बाई आणि बुलेट म्हटलं की गिरगावात तोच आठवतो. डोंबिवलीने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती पुढे गिरगावातही आली. फडके गणपतीपासून निघणारी आमची शोभायात्रा आता देशभर माहीत आहे ती मुख्यतः एका दृश्यामुळे: नऊवारी, नथ, गॉगल, फेटा आणि खाली बुलेट. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो. मला ते दृश्य आवडतं. ज्या वाड्यांमध्ये बायका पन्नास वर्षं मागच्या सीटवर बसल्या, त्याच वाड्यांसमोरून त्या हँडल धरून जातात, यात नाटकीपणा असेल तर असू दे.

खटकतो तो फेटा. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना, कोल्हापुरी फेट्याला नाही. २०२२ साली देशात ७४,८९७ दुचाकीस्वार अपघातांत गेले आणि त्या वर्षी हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हे आकडे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत. मिरवणूक पायी चालण्याच्या वेगाने जाते, तिथे फारसं काही होत नाही, हे मलाही कळतं. पण घर ते देऊळ आणि यात्रा संपल्यावर पुन्हा घर, हा रस्ता मिरवणुकीचा नसतो. आणि तो फोटो बघून ज्या मुलीला गाडी चालवावीशी वाटते, तिला त्यात हेल्मेट दिसलेलं नसतं.

शिकायच्या जागेबद्दल माझी मागणी एकच आहे. मुंबई पोलिसांनी २०२२ साली 'संडे स्ट्रीट'साठी मरीन ड्राइव्हसारखे रस्ते रविवारी सकाळी काही तास गाड्यांना बंद केले होते, लोक तिथे चालले, खेळले, सायकली चालवल्या. तसाच बॅलार्ड इस्टेटमधला एखादा रस्ता रविवारी सकाळी दोन तास शिकाऊ दुचाकीस्वारांना द्यावा. चार शंकू, एक हवालदार आणि शिकवायला तयार असलेल्या दोघी-तिघी एवढ्यावर भागेल. कट्ट्याची सोय नसलेल्यांसाठी एवढं करायला पालिकेला निविदाही काढावी लागणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर पन्नाशीच्या आत असाल, तर अर्ज आत्ताच करून टाका, दहा वर्षं मिळतील. गाडी कुणाची तरी मिळते आणि शिकवणारीही बहुधा वरच्या मजल्यावरच सापडते. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्या, आयएसआय छापाचं, आणि पाडव्याला फेटा बांधायचाच असेल, तर तो देवळाशी पोचल्यावर बांधा.