डॅक बदलल्याने ध्वनी सुधारतो काय?

सकाळी भक्तामर स्तोत्र आणि दुकान वाढवून घरी आल्यावर पंडित भीमसेन जोशींचे गायन, अशी दुहेरी सेवा करणारा स्टिरिओ अनेक घरांत आहे. त्याला जोडण्यासाठी तरुण मंडळी हल्ली एका लहान पेटीचा आग्रह धरतात. तिचे नाव डॅक, अर्थात डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत तिची किंमत जाते. एवढा भेद कानाला कळतो काय, हे व्यापारी घराने तपासलेच पाहिजे.

सीडीवर ध्वनी आकड्यांत साठवलेला असतो. सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक १६ बिटांची. त्या आकड्यांपासून पुन्हा विद्युत्-लहर घडविणे एवढेच डॅकचे काम. १९८२ साली जपानमध्ये सीडी प्लेअर प्रथम विक्रीस आले, तेव्हा ते सोपे नव्हते. आज तेच काम फोनला हेडफोन जोडण्याच्या हजारभर रुपयांच्या अ‍ॅडाप्टरमधील चिपही करते. तिचे दोष यंत्राला मोजता येतात. कानाला सहसा जाणवत नाहीत.

मग नवी पेटी लावताच गाणे खुलल्यासारखे का वाटते? बहुधा आवाज किंचित वाढलेला असतो. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा संकेत देतो, काही डॅक त्याहून अधिक. एवढीशी वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून नव्हे, तर ‘स्वच्छ, भरदार आवाज’ म्हणून जाणवते. शिवाय मोजलेल्या रकमेचाही कानावर परिणाम होतोच! दोन माल वेगवेगळ्या तराजूंत तोलून कोणी भाव ठरवीत नाही. येथेही व्होल्टमीटरने दोन्हींची पातळी जुळवावी, एकाने न सांगता जोडणी बदलावी, दुसऱ्याने न पाहता ओळखावे. १६ पैकी १२ उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहून कमी. तेवढी आली तर पेटी खुशाल घ्यावी. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अधिक सूक्ष्म मुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतर गुपचूप घातले होते. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे जेमतेम निम्मी आली.

संगणकातून घरघर ऐकू येत असेल, किंवा टीव्हीला केवळ ऑप्टिकल जोडणी असून अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल, तर स्वस्तातला डॅक खरोखर उपयोगी पडतो. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरासही ही गरजच म्हणता येईल. ही यंत्रे विकणारे दुकानदारही समाजात आहेत. त्यांनी जोडण्या आणि वॉरंटी अवश्य सांगावी. ‘ध्वनी दुप्पट सुधारेल’ हे वाक्य मात्र सत्याणुव्रतात बसत नाही.

पैसा खर्चायचाच असेल तर स्पीकरवर खर्चावा. मंद्र स्वरांत स्पीकरची विकृती सहज एक टक्क्यापर्यंत जाते. चांगल्या डॅकची टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. संगमरवरी फरशी आणि उघड्या भिंती यांचा घुमारा तर कोणताच डॅक घालवू शकत नाही. तेथे जाड सतरंजी अंथरावी, पडदे लावावेत, स्पीकर कोपऱ्यातून काढून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. सतरंजी बहुधा माळ्यावर असतेच.