आफ्रिकेतील ग्रामीण शाळा : वर्गखोली उभी राहते, पुढे काय?

अमेरिकेची विकाससाह्य संस्था ‘यूएसएड’ १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र यंत्रणा म्हणून संपुष्टात आली आणि तिचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. त्याआधी फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी परकीय मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले होते. या निर्णयांची चर्चा झाली ती प्रामुख्याने औषधे आणि अन्नधान्याच्या अंगाने. मलावी, झांबिया, केनिया या देशांतील खेड्यांमधल्या शाळांवरचा परिणाम सावकाश दिसतो. शाळा एका दिवसात बंद पडत नाही. आधी दुपारची लापशी थांबते, मग पुस्तके अपुरी पडतात आणि पट रोडावत जातो.

सरकारी मदत आटली की नजरा वळतात त्या छोट्या सेवाभावी संस्थांकडे. ब्रिटनमध्ये अशा असंख्य संस्था आहेत. पाच-सात विश्वस्त, पगारी कर्मचारी बहुधा एकही नाही आणि दूरच्या एखाद्या जिल्ह्यातील दोन-चार शाळांशी जुळलेले नाते, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. इंग्लंड व वेल्समध्ये वर्षाला ५ हजार पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या संस्थेला धर्मादाय आयोगाकडे नोंदणी करावी लागते. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळू शकतात. स्कॉटलंड आणि मलावी यांच्यात तर २००५ मध्ये दोन्ही सरकारांचा सहकार्य करार झाला. त्याची मुळे मिशनऱ्यांच्या काळापर्यंत जातात.

सरकारांनी सोडलेली पोकळी या संस्था भरून काढतील, ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न निधीच्या आकाराचा नसून आवर्ती खर्चाचा आहे.

मलावीचे उदाहरण बोलके आहे. १९९४ मध्ये बाकिली मुलुझी यांच्या सरकारने प्राथमिक शाळांतील शुल्क रद्द केले आणि सुमारे १९ लाखांवर असलेली विद्यार्थिसंख्या ३० लाखांच्या घरात गेली. वर्गखोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. खालच्या इयत्तांत एका शिक्षकापुढे शंभराहून अधिक मुले बसणे आणि झाडाखाली वर्ग भरणे हे तेथे नित्याचे झाले. परदेशी देणगीदारांना ही उणीव सहज दिसते, म्हणून पैसा वर्गखोल्यांकडे वाहतो. गावकरी विटा पाडतात, भाजतात, वाळू आणतात. सिमेंट आणि पत्रे देणगीतून येतात. काम वर्षभरात पुरे होते आणि छायाचित्रही चांगले येते.

पण शिक्षक नेमणे आणि त्याला पगार देणे हे सरकारचे काम असते. दुर्गम गावात राहायला घर नसेल तर नेमलेला शिक्षक तेथे टिकत नाही. बदलीसाठी धडपडतो किंवा बाजारच्या गावाहून येजा करतो. म्हणूनच ग्रामीण शाळांच्या मागण्यांत शिक्षकांच्या निवासाची मागणी वरच्या क्रमांकावर असते. देणगीदाराला मात्र दोन खोल्यांच्या घरापेक्षा नावाची पाटी लावलेली वर्गखोली अधिक भावते. काही संस्था स्वतःच्या खर्चाने साहाय्यक शिक्षक नेमतात. देणग्या चालू असेपर्यंत ही सोय उत्तम; त्या थांबल्या की तो शिक्षक ना संस्थेचा राहतो, ना सरकारच्या हजेरीपटावर असतो.

चलनाचा धोका वेगळाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचाचे ४४ टक्के अवमूल्यन झाले. पौंडात पैसे पाठवणाऱ्या संस्थेच्या हाती एका रात्रीत अधिक क्वाचा आले, पण इंधन आणि खत आयात होणाऱ्या देशात भावही वाढत गेले. ज्याचे मानधन क्वाचात ठरलेले होते, त्या माणसाचे त्यात नुकसानच झाले.

देखभालीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचा धडा ‘प्लेपंप’ या योजनेने घालून दिला. शाळेच्या आवारातील चक्रावर मुले खेळतील आणि त्या फिरण्यातून पाणी उपसले जाईल, अशी ही कल्पना. २००६ मध्ये तिला अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरच्या निधीची घोषणा मिळाली. प्रत्यक्षात पंप बिघडले की दुरुस्ती गावाच्या आवाक्यातली राहिली नाही आणि मोझांबिकमध्ये बायकांनाच ते जड चक्र हाताने फिरवावे लागले. ठरवलेले पाणी उपसायचे तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश दैनिकाने नंतर मांडला. साधा हातपंप स्वस्त होता, पण त्याची कथा सांगण्याजोगी नव्हती.

पश्चिम केनियातील शाळांवर मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले अभ्यासही असेच समज तपासणारे ठरले. फुकट पाठ्यपुस्तके वाटूनही सरासरी गुण वाढले नाहीत; लाभ झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. याउलट जंतनाशक गोळ्या दिलेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतील गुण मात्र त्यानेही वाढले नाहीत, हे गोळ्यांचे गुणगान करणारे अनेकदा विसरतात. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

छोट्या संस्थेने हाती घेतलेला आवर्ती खर्च टिकू शकतो, याचे उदाहरणही आहे. ‘मेरीज मील्स’ या स्कॉटलंडच्या संस्थेने २००२ मध्ये मलावीत २०० मुलांना शाळेत जेवण देण्यास सुरुवात केली. आज ती अनेक देशांत वीस लाखांहून अधिक मुलांना जेवण देते. मका-सोयाबीनच्या पिठाची लापशी, तिकडच्या भाषेत ‘फाला’, गावातील स्वयंसेवकच रांधतात. संस्थेने एकच काम धरले आणि ते सोडले नाही.

भारतातून अशा कामासाठी पैसा पाठवणे सोपे नाही. धर्मादाय न्यासाने देशाबाहेर केलेल्या खर्चावर करसवलत हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतही परदेशातील शाळेवरचा खर्च धरला जात नाही. त्यामुळे भारतातून आफ्रिकेकडे पैशापेक्षा पद्धत गेली. १९९५ मध्ये मुंबईतील वस्त्यांमधून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेची पातळीनुसार अध्यापनाची रीत २०१६ पासून झांबियात ‘कॅच अप’ या नावाने राबवली जात आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेनुसार न पाडता, त्यांना काय वाचता येते त्यानुसार पाडायचे आणि रोज ठरावीक वेळ तेवढेच शिकवायचे, हे तिचे सूत्र. नवी इमारत लागत नाही आणि शिकवणारे सरकारी शिक्षकच असतात.

झांबियाने २०२२ मध्ये सरकारी शाळांतील शुल्क माध्यमिक स्तरापर्यंत रद्द केले आणि त्याच वर्षी तीस हजारांहून अधिक शिक्षक नेमले, तरी वर्ग आता अधिकच गजबजले आहेत. ‘कॅच अप’च्या विस्ताराला यूएसएडचाही हातभार होता. शिक्षकांचे पगार सरकार देत असल्याने वर्ग बंद पडणार नाहीत. परंतु प्रशिक्षण आणि शाळांना भेटी देणारे मार्गदर्शक यांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न आता लुसाकातील शिक्षण मंत्रालयापुढे आहे.