राणीचा रिक्सडालर

स्वीडन देशाच्या रुप्याच्या नाण्यांत १७१९ सालचा रिक्सडालर संग्राहकांस क्वचितच लाभतो. वजन सुमारे २९ ग्रॅम. दर्शनी बाजूस राणी उल्रिका एलेओनोरा हिची मुखमुद्रा असून तीभोवती ‘ईश्वरकृपेने स्वीडनची राणी’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. पाठीमागे मुकुट धारण केलेली राजढाल आहे व तीत स्वीडनचे सुप्रसिद्ध तीन मुकुट दिसतात.

त्या ‘ईश्वरकृपे’पाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. राणीचा भाऊ बारावा चार्ल्स १७१८ च्या अखेरीस नॉर्वेतील फ्रेड्रिक्स्टेन किल्ल्याच्या वेढ्यात गोळी लागून पडला. तो अविवाहित होता, आणि दिवंगत थोरल्या बहिणीचा मुलगा गादीवर हक्क सांगत होता. अशा वेळी देशाच्या प्रतिनिधिसभेने धाकट्या बहिणीस राणी निवडले खरे, परंतु अनियंत्रित राजसत्तेवर पाणी सोडण्याच्या अटीवर. राणीने ती अट मान्य केली, तेव्हा कोठे उप्साला येथे राज्याभिषेक झाला. कृपा सभेची आणि श्रेय ईश्वरास, असा हा मामला! टाकसाळीने मात्र जुनाच थाट राखला.

या रुप्याचे मोल त्या काळच्या प्रजेस किती वाटले असेल, हेही ध्यानी घेतले पाहिजे. युद्धखर्चासाठी १७१५ पासून तेथे तांब्याच्या लहानशा चकत्या काढून त्यांस एका रौप्य डालरची किंमत ठरवून देण्यात आली होती. काहींवर शनी, गुरू, मंगळ अशा रोमन देवता होत्या. चार्ल्स गेला आणि ज्या गेर्ट्स नामक मंत्र्यावर या चलनाचे खापर फुटले, त्याचा १७१९ मध्ये शिरच्छेद झाला. चकत्यांची किंमत त्याच वर्षी निम्म्यावर आणली गेली. ज्यांच्या गाठीस त्या होत्या, त्यांची पुंजी एका हुकुमाने बुडाली. रिक्सडालरची किंमत त्याच्या धातूतच होती. ती हुकुमाने कशी उतरणार?

राणीची इच्छा पती फ्रेड्रिकसह संयुक्त राज्य करण्याची होती. सभेने ती फेटाळली, तेव्हा १७२० च्या फेब्रुवारीअखेर पतीच्या हाती राज्य देऊन ती स्वतः पायउतार झाली. एकटीच्या नावाने नाणी पाडण्यास टाकसाळीला जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष मिळाले. या रिक्सडालरच्या दुर्मिळतेचे कारण आमच्या मते येथेच आहे.