पार्किंगमधला लाल डाग

सकाळी गाडी काढली आणि पार्किंगमध्ये ऑइलचा लाल डाग! वर, वळताना पंपाचं कुईंऽऽ. बाबांची जुनी गाडी, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगवाली. (नव्या गाड्यांत बहुतेक इलेक्ट्रिक असतं, ऑइलची कटकटच नाही.) गॅरेजवाला म्हणाला, "अख्खा पंप बदला." बाबा म्हणाले, "मग विकूनच टाकू." माझ्या पोटात गोळा! याच गाडीवर मी ड्रायव्हिंग शिकले.

रविवारी दोघंही बाह्या सरसावून बसलो. पंप पुसून कोरडा केला, इंजिन चालू करून लांबूनच टॉर्च मारला (ओढणी, हात बेल्टपासून दूर!). गळत होतं व्हॉल्व्हच्या फिटिंगपाशी. आतली ओ-रिंग कडक झालेली, बस्स! शाफ्टचं सील गेलं असतं तर मात्र पंप उघडावा लागला असता.

तुम्हालाही करायचंय? इंजिन थंड होऊ द्या. टाकीतलं ऑइल सिरिंजने काढा. फिटिंग सावकाश खोला. मागे स्प्रिंग असते. काय कसं बसलं होतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्याच मापाची नायट्राइल रिंग ऑइल लावून बसवा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल भरा. पुढची चाकं उचलून स्टँड लावा आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. अडकलेली हवा निघते.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा ठणठणीत! बाबांनी तो दोनदा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "चल, चहाला जाऊ. तू चालव."