आईची परात आणि साडेपंधरा इंच

गेल्या महिन्यात आईचा फोन आला, तेव्हा मी डेडलाइनवर होते. ‘आम्ही येतोय गं, पण सामानाचं टेन्शन घेऊ नकोस. भांडी वाटून टाकते. मला एक कप्पा पुरे.’

साताऱ्यातलं भाड्याचं घर सोडून आई-बाबा कायमचे माझ्याकडे पुण्याला येणार, हे ठरलं होतंच. माझा फ्लॅट वन बीएचके. पण ज्या बाईनं आयुष्यभर लोणच्याच्या बरण्यांना स्वतंत्र फडताळ ठेवलं, ती म्हणते ‘एक कप्पा पुरे’! ऑफिसातून येताना मला दिवसभर तेच टोचत राहिलं. मग ठरवलं, हॉलच्या भिंतीला कपाट करून घ्यायचं. चांगलं, उंच, लाकडी कपाट.

आता तुमच्यासारखीच मीही आधी रेडीमेड बघितलं. दिसायला एकदम चकाचक. पण बहुतेक ठिकाणी आत भुशाचा दाबलेला बोर्ड. तो पाणी लागलं की फुगतो, आणि घर बदलताना एकदा उघडून परत जोडला की स्क्रू धरत नाहीत. भाड्याच्या घरात दोन वर्षं काढायची असतील तर खुशाल घ्या. पण पितळी पातेल्यांचा भार वर्षानुवर्षं पेलायचा असेल, तर प्लायवूड आणि घरी येणारा सुतार.

शेजारच्या काकूंनी त्यांचे मिस्त्री पाठवले. मूळचे राजस्थानचे, पंचवीस वर्षं पुण्यात, कानावर पेन्सिल. मी मोठ्या ऐटीत त्यांना माझं ड्रॉइंग दाखवलं: सात फूट उंच, चार फूट रुंद, अठरा इंच खोल. त्यांनी कागद बघितलाच नाही. विचारलं, ‘दीदी, इसमें रखना क्या है?’

मी म्हटलं, ‘सामान.’

‘कौनसा सामान?’

मला सांगता येईना. खरंच, यार, आईच्या घरात काय काय आहे, हे मला धड माहीतच नव्हतं! लगेच फोन लावला. आधी ‘काही नाही गं’ झालं. मग हळूहळू यादी सुरू झाली. पुरणयंत्र. खलबत्ता. आजीची पातेली, चार. बाबांच्या पेन्शनच्या फायली. दिवाळीचे डबे. आणि परात, ‘पण ती मी देऊन टाकतेय.’ हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं, म्हणजे काय ते समजा.

यादी झाल्यावर मिस्त्रींनी हिशेब मांडला आणि माझं गणित पार बदललं. प्लायचं शीट असतं आठ बाय चार फुटांचं. खोली अठरा इंच ठेवली, तर चार फुटांत दोनच पट्ट्या निघतात आणि बारा इंचांचा तुकडा उरतो. खोली साडेपंधरा ठेवली, की करवतीला थोडं सोडून बरोब्बर तीन पट्ट्या. एका शीटमध्ये दोन बाजू आणि मधली उभी फळी. दुसऱ्यात तळ, माथा आणि आठ कप्पे. तिसऱ्यात दारं. अठरा एमएमची तीन शीट आणि पाठीला सहा एमएमचं एक. माझ्या अठरा इंचांत अख्खं एक शीट जास्त लागलं असतं. (कपडे हँगरला टांगायचे असतील तर हा हिशेब चालत नाही, त्याला बावीस-चोवीस इंच खोली लागतेच.)

मधली फळी कशाला, असं मी विचारलं. मला एकसंध, मोठे कप्पे हवे होते, मासिकातल्या फोटोसारखे. मिस्त्री हसले. चार फुटांच्या सलग कप्प्यावर पितळ ठेवलं, की काही महिन्यांत त्याला बाक येणार. दोन फुटांवर आधार असला की निश्चिंत.

मग भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. इथे एकटीनं जाऊ नका, निदान काय मागायचं ते लिहून न्या. साधं कमर्शियल प्लाय म्हणजे आयएस ३०३, पाण्याला टिकणारं मरीन म्हणजे आयएस ७१०. शिक्का शीटवर छापलेला असतो, तो आपल्या डोळ्यांनी बघायचा, दुकानदाराच्या तोंडून ऐकायचा नाही. माझ्या कपाटाची भिंत बाथरूमला लागून, म्हणून मरीन घेतलं. सनमायका बाहेरून आवडीचा, आतून साधा पांढरा. पण दाराच्या दोन्ही बाजूंना हवाच, एकाच बाजूला लावला तर दार वाकतं. तळाखाली तीन इंचांची बैठक, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही.

चार दिवस घरात फेव्हिकॉल, भुसा आणि चहा. तिसऱ्या संध्याकाळी कप्पे बसवायच्या आधी मला परात आठवली. आईला फोन केला, ‘मोजून सांग.’ अठरा इंच. कपाटाची खोली साडेपंधरा! माझ्या पोटात गोळाच आला. एक शीट वाचवलं आणि नेमकी परातच बाहेर.

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. ‘लिटाके क्यों रखोगे? खडी रखो.’ डाव्या बाजूचा सगळ्यात खालचा कप्पा एकोणीस इंच उंच, वरचे चौदा-चौदाचे. परात पाठीला टेकवून उभी, पुढे खलबत्ता, म्हणजे ती घसरणार नाही.

आई-बाबा रविवारी आले. परात गोणपाटात गुंडाळलेली, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी. आईनं दारं उघडली, एकेका कप्प्यावरून हात फिरवला, नाक मुरडलं. ‘फेव्हिकॉलचा वास जाईपर्यंत मी यात काही ठेवायची नाही.’

आज चौथा दिवस. दारं सताड उघडी आहेत, सामान हॉलभर पसरलंय, आणि मी हा कॉलम पातेल्यांच्या मधोमध बसून लिहितेय. परात मात्र तिनं पहिल्याच रात्री आत उभी केलीय.